विश्लेषण : स्वतःचा चित्रसंग्रह आणि सत्ताही जनतेला देणारा राजा! औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी कोण होते?

चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचा प्रचारक आणि स्वातंत्र्यापूर्वीच आपल्या संस्थानात लोकांचे राज्य आणणारा राजा. औंधच्या टेकडीवरील चित्रसंग्रहालय पाहायला जाण्यापूर्वी ते उभारणाऱ्या माणसाची ही गोष्ट वाचायलाच हवी.

पनवेल : शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की कळंबोलीपासून द्रुतगती मार्गावर गाड्यांची रांग लागते. कोणी लोणावळ्याला उतरते, कोणी थेट महाबळेश्वर गाठते. कळंबोली, कामोठे, खांदेश्वर या भागात सातारा-सांगलीकडची असंख्य कुटुंबे राहतात. गावी जाता-येता यातले अनेक जण साताऱ्यावरून पुढे जातात. मात्र साताऱ्यापासून साधारण तासाभराच्या अंतरावर राजा रवी वर्मा, धुरंधर आणि बाबूराव पेंटर यांची मूळ चित्रे एकाच छताखाली पाहायला मिळतात, हे त्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. हे ठिकाण म्हणजे खटाव तालुक्यातील औंध आणि तिथले श्री भवानी चित्रसंग्रहालय.

राजवाड्यांमध्ये भरवलेली संग्रहालये देशात बरीच आहेत. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात चित्रदालन आहे. बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात महाराजा फतेसिंग संग्रहालय आहे. कोल्हापूरचा न्यू पॅलेस तर महाराष्ट्रातील बहुतेक शाळांच्या सहलींनी पाहिलेला असतो. औंधची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथल्या राजाने राजघराण्याचा संग्रह वाड्यात ठेवला नाही. त्यासाठी वाड्याबाहेर, यमाई देवीच्या डोंगरावर स्वतंत्र इमारत बांधली, तीही स्वतः सत्तेवर असताना.

या राजाचे नाव भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते नेमके कोण होते, त्यांनी काय केले आणि आज त्यांची आठवण का काढायची, हे जाणून घेऊ.

पंतप्रतिनिधी हे आडनाव आले कुठून?

प्रतिनिधी हे मुळात मराठेशाहीतील पद. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीच्या धामधुमीत हे पद निर्माण झाले. छत्रपतींच्या वतीने कारभार पाहण्याचा अधिकार असलेला तो प्रतिनिधी. किन्हईचे परशुराम त्रिंबक यांच्याकडे हे पद आले आणि पुढे ते त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने राहिले. पदाचेच पुढे आडनाव झाले.

पेशवाई गेली, सातारचे राज्यही खालसा झाले. मात्र पंतप्रतिनिधींची जहागीर ब्रिटिशांच्या अधिपत्याखाली औंध संस्थान म्हणून टिकली. संस्थान छोटे होते. ७२ गावांचा हा मुलूख सलगही नव्हता. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ कर्नाटकातील विजापूर भागात. बहुतेक भाग कमी पावसाचा. माण, खटाव, आटपाडी ही नावे आजही दुष्काळाच्या बातम्यांत दिसतात. बडोदा किंवा म्हैसूरच्या तुलनेत या संस्थानाची तिजोरी किती लहान असेल, याची कल्पना यावरून येते.

बाळासाहेब गादीवर कसे आले?

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. वडील श्रीनिवासराव हे औंधचे अधिपती. बाळासाहेब धाकटे असल्याने गादी त्यांच्याकडे येईल, असे सुरुवातीला कोणालाही वाटले नसावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी बी.ए. ची पदवी घेतली. त्या काळात पदवीधर संस्थानिक दुर्मीळ होते. शिक्षणानंतर त्यांनी काही वर्षे वडिलांच्या हाताखाली संस्थानच्या कारभारात काम केले. त्यामुळे दप्तर, महसूल आणि गावचे तंटे कसे चालतात, हे त्यांना जवळून पाहायला मिळाले.

वडिलांच्या निधनानंतर १९०१ मध्ये थोरले बंधू परशुरामराव गादीवर आले. चारच वर्षांत, १९०५ मध्ये ही गादी पुतणे गोपाळकृष्णराव यांच्याकडे गेली. ब्रिटिश सरकारने त्यांना १९०९ मध्ये पदच्युत केले आणि ४ नोव्हेंबर १९०९ रोजी बाळासाहेब औंधचे अधिपती झाले. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. पुढची जवळपास चार दशके ते या पदावर राहिले.

पनवेलकरांना जवळचा वाटेल असा एक धागा इथे आहे. औंधच्या कारभारीपदावर राहिलेले जेकब बापूजी इस्रायल हे बेने इस्रायली समाजाचे होते. हा समाज मूळचा आपल्या रायगडचा. पनवेलमध्ये या समाजाचे १८४९ मधील बेथ एल सिनेगॉग आजही उभे आहे. देवीभक्त ब्राह्मण संस्थानिकाच्या राज्यात मराठी बोलणारा ज्यू अधिकारी कारभार पाहत होता, ही त्या काळातील एक लक्षात घेण्यासारखी नोंद आहे.

राजा चित्रकार कसा झाला?

अनेक संस्थानिक चित्रे विकत घेत. बाळासाहेब स्वतः हातात कुंचला धरत. पौराणिक प्रसंग हा त्यांचा आवडता विषय. रामायणातील प्रसंगांवर त्यांनी काढलेली चित्रे 'चित्र रामायण' या पुस्तकातून १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. वेरूळ आणि अजिंठ्याच्या लेण्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि या दोन्ही लेण्यांवर इंग्रजीत माहितीपर पुस्तके लिहिली.

त्यांची कला इथेच थांबत नाही. ते कीर्तन करत. संस्थानचा अधिपती कमरेला उपरणे बांधून देवळात कीर्तनाला उभा राहतो, हे दृश्य औंधच्या लोकांना नवे नव्हते. चित्र आणि कीर्तन या दोन्हींत काम एकच : ऐकलेली गोष्ट समोरच्याच्या डोळ्यांसमोर उभी करायची. मराठी साहित्याशीही त्यांचे नाते होते. इंदूर येथे १९३५ मध्ये झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

महाभारताच्या संशोधित आवृत्तीशी त्यांचा काय संबंध?

चित्रांच्या आवडीतून एक मोठे काम कसे उभे राहिले, याचे हे उत्तम उदाहरण आहे. पुण्यात १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी बाळासाहेबांनी संस्थेपुढे महाभारताची सचित्र आवृत्ती काढण्याची कल्पना मांडली आणि त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. १९१८ मधील एक लाख रुपये एका छोट्या संस्थानासाठी किती मोठी रक्कम होती, हे वेगळे सांगायला नको.

मात्र चित्रे काढायची तर कोणत्या महाभारताची, हा प्रश्न होता. काश्मीरपासून केरळपर्यंत महाभारताच्या शेकडो हस्तलिखित पोथ्या होत्या आणि त्यांचे पाठ एकमेकांशी जुळत नव्हते. त्यामुळे आधी सगळ्या पोथ्या ताडून मूळ पाठाच्या शक्य तितके जवळ जायचे, असे ठरले. १९१९ मध्ये सुरू झालेले हे काम डॉ. वि. स. सुकथनकर यांच्यासारख्या विद्वानांनी पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. ही संशोधित आवृत्ती आज जगभरातील अभ्यासक प्रमाण मानतात. तिच्या खंडांमध्ये बाळासाहेबांच्या हातची चित्रेही आहेत. सचित्र ग्रंथाच्या हौसेतून सुरू झालेले काम चार दशकांहून अधिक काळ चालले. ते पूर्ण झालेले पाहायला मात्र बाळासाहेब हयात नव्हते.

संग्रहालय राजवाड्यात का नाही?

औंध गावात पंतप्रतिनिधींचा राजवाडा आहे. चित्रे, मूर्ती, हस्तिदंती वस्तू यांचा संग्रह तिथेच राहिला असता तरी कोणी काही म्हटले नसते. बाळासाहेबांनी मात्र १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर, देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर स्वतंत्र संग्रहालय उभारले.

ही जागा समजून घ्यायला हवी. यमाई ही महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता. औंधचा डोंगर हे तिचे मूळपीठ मानले जाते. वर्षभर दूरदूरहून माणसे दर्शनाला येतात. लग्न झाले की जोडपी येतात, नवस फेडायला कुटुंबे येतात. अशा वाटेवर चित्रसंग्रहालय असेल तर ते पाहायला येणारा माणूस कलारसिकच असला पाहिजे, असे उरत नाही. शेतकरी, शाळकरी मुले, हातात ओटीचे सामान घेतलेल्या बायका यांच्याही वाटेत चित्रे येतात. राजवाड्याच्या दरवाजातून आत शिरताना सामान्य माणूस बिचकतो. देवीच्या वाटेवर तो बिचकत नाही.

इमारत बांधतानाही चित्रांचा विचार केलेला दिसतो. दालनांमध्ये वरच्या बाजूने नैसर्गिक उजेड येतो. थेट ऊन चित्रावर पडले तर रंग फिके पडतात आणि काचेवर प्रतिबिंब दिसते. उजेड वरून पसरून आला तर चित्र नीट दिसते. गावोगावी वीज पोहोचली नव्हती, त्या काळात हा विचार महत्त्वाचा होता.

संग्रहालयात काय पाहाल?

संग्रह मोठा आणि मिश्र आहे. घाईत पाहिला तर गोंधळ उडतो. त्यामुळे पुढील गोष्टी आवर्जून शोधा.

• राजा रवी वर्मा यांची तैलचित्रे : छापील कॅलेंडरवर पाहिलेले रवी वर्मा आणि मूळ कॅनव्हासवरचे रवी वर्मा यांत मोठा फरक आहे. साडीच्या काठाची चमक आणि त्वचेवरची छटा जवळून पाहा.

• एम. व्ही. धुरंधर : मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेले आणि तिथेच शिकवणारे हे चित्रकार मराठी माणसाचे चेहरे, पेहराव आणि सणसमारंभ रेखाटण्यासाठी ओळखले जातात.

• बाबूराव पेंटर : कोल्हापूरचे हे कलावंत मूकपटांच्या काळातील मोठे दिग्दर्शक. त्यांचा कुंचला किती तयार होता, ते इथे कळते.

• माधव सातवळेकर : औंधमध्ये राहिलेल्या पंडित श्री. दा. सातवळेकर यांचे पुत्र. पुढे ते महाराष्ट्राचे कला संचालक झाले.

• लघुचित्रे : पहाडी आणि इतर शैलींतील लहान आकाराची चित्रे. ही दुरून पाहायची नसतात. जवळ जाऊन एकेक पान, एकेक दागिना पाहायचा असतो.

• हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' : विसाव्या शतकातील जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकाराचे दगडी शिल्प खटाव तालुक्यातील डोंगरावर आहे, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही.

• पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती, हस्तिदंत, चंदन आणि लाकडावरील कोरीवकाम.

प्रतिकृती आणि मूळ चित्रे शेजारी असल्याने कोणते चित्र कोणत्या प्रकारचे, हे पाटीवर पाहून घ्या. प्रतिकृती ठेवण्यामागचे कारण त्या काळात शोधावे लागते. युरोपात जाऊन मूळ चित्र पाहणे औंध-आटपाडीच्या माणसाला शक्य नव्हते. रंगीत छपाईची पुस्तके महाग होती. अशा वेळी प्रतिकृती हीच जगाची खिडकी होती.

रवी वर्मा आणि पनवेल-पुणे वाट

रवी वर्मा (१८४८-१९०६) मूळचे केरळातील किलिमानूरचे. मात्र त्यांच्या कामाचा मोठा भाग आपल्या भागात घडला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी १४ पौराणिक चित्रांची मालिका केली. त्यांच्या अनेक देवी आणि नायिका मराठी पद्धतीची नऊवारी नेसलेल्या दिसतात.

१८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवण्यात आला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांनी तो विकत घेतला. लक्ष्मी, सरस्वतीची जी चित्रे घराघरांत पोहोचली, ती या छापखान्यामुळे. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले. पनवेलहून औंधला जाताना मळवली वाटेतच लागते. तिथे छापलेली देवी बहुतेकांच्या देवघरात होती, औंधला तिच्या जनकाचे मूळ रंगकाम पाहता येते.

किर्लोस्करवाडी औंधमध्ये कशी आली?

बाळासाहेबांचे लक्ष फक्त कलेकडे होते, असा समज करून घेतला तर चूक होईल. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे बनवत होते. तिथली जागा सोडण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्याच सुमारास ते औंधमध्ये देवळाच्या सभामंडपाचे काम करत होते. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले.

१९१० मध्ये त्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना आणि कामगारांची वसाहत एकत्र वसवण्याचा हा देशातील सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. पुढे किर्लोस्कर समूह कुठे पोहोचला, हे सर्वांना माहीत आहे. पाण्याच्या पंपापासून डिझेल इंजिनापर्यंत ज्या उद्योगाने महाराष्ट्राची शेती बदलली, त्याला पाय ठेवायला जागा एका दुष्काळी संस्थानाने दिली.

शिक्षणातही औंधचे नाव होते. साने गुरुजींनी विद्यार्थिदशेतील काही काळ औंधच्या शाळेत काढला. 'गीत रामायण'कार ग. दि. माडगूळकर याच संस्थानातले आणि औंधच्या शाळेत शिकलेले. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांनी १९१८ च्या सुमारास औंधला येऊन स्वाध्याय मंडळाचे काम उभे केले. ते स्वतःही जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार होते.

सूर्यनमस्काराचे श्रेय त्यांना का दिले जाते?

सूर्यनमस्कार महाराष्ट्रात जुनेच. समर्थ रामदासांच्या परंपरेशीही ते जोडले जातात. बाळासाहेबांनी केले ते असे, की या व्यायामाची ठरावीक पद्धत मांडली, त्यावर पुस्तक लिहिले, चित्रे आणि छायाचित्रांच्या साहाय्याने प्रत्येक स्थिती समजावली आणि संस्थानच्या शाळांत तो सुरू केला. स्वतः ते रोज पहाटे नमस्कार घालत. त्यांच्या घरातील स्त्रियाही घालत. त्या काळात स्त्रियांनी व्यायाम करणे ही सहज स्वीकारली जाणारी गोष्ट नव्हती.

१९३० च्या दशकात लंडनमध्ये त्यांच्या या पद्धतीची चर्चा झाली. पत्रकार लुईज मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. आज जगभरातील योगवर्गांत सूर्यनमस्कार हा अविभाज्य भाग आहे. आधुनिक योगाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक त्यात औंधच्या या राजाचा वाटा मान्य करतात. मात्र सूर्यनमस्काराने जवळपास प्रत्येक आजार दूर राहतो, असा जो विश्वास त्यांनी बाळगला, त्याकडे त्या काळातील श्रद्धा म्हणूनच पाहायला हवे.

'औंध प्रयोग' नेमका काय होता?

बाळासाहेबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय त्यांनी सत्तरीत घेतला. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. हेच संग्रहालय सुरू झाल्याचेही वर्ष आहे. देशातील बहुतेक संस्थानांत तेव्हा प्रजा परिषदांची आंदोलने सुरू होती आणि बहुतेक संस्थानिक ती चिरडत होते.

या निर्णयामागे तीन माणसे होती. पहिले स्वतः बाळासाहेब. दुसरे त्यांचे पुत्र अप्पासाहेब ऊर्फ अप्पा पंत, जे इंग्लंडमध्ये शिकून आले होते. तिसरे मॉरिस फ्रीडमन, म्हणजे भारतात येऊन संन्यास घेतलेले पोलिश इंजिनीअर. अप्पा पंत आणि फ्रीडमन महात्मा गांधींना भेटले. गांधीजींनी राज्यघटनेचा आराखडा घडवण्यात स्वतः लक्ष घातले. राजाने साधे राहावे आणि स्वतःच्या खर्चाला मर्यादा घालावी, अशी त्यांची अपेक्षा होती.

जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य घटना लागू झाली. तिची रचना थोडक्यात अशी :

• प्रत्येक गावात प्रौढांच्या मताने निवडलेली पाच जणांची पंचायत.

• गावांच्या पंचायतींतून तालुक्याची समिती.

• त्यातून वर संस्थानची विधानसभा आणि तिला जबाबदार मंत्री.

• गावातील तंटे शक्यतो गावातच सोडवण्याची व्यवस्था.

म्हणजे सत्ता खालून वर जाणार होती. देशाला पंचायतराज व्यवस्थेला घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती करायला १९९२ हे वर्ष उजाडावे लागले. औंधमधील माळावरच्या गावांनी त्याचा अनुभव त्याच्या अर्धशतक आधी घेतला. शिक्षण कमी, जातीचे ताण जास्त आणि पैसा तुटपुंजा, अशा स्थितीत हा प्रयोग चालला. अभ्यासक इंदिरा रोदरमुंड यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे.

'दो आँखें बारह हाथ'ची मूळ कथा औंधची?

होय. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीविना, शेती करत राहू द्यायचे, अशी ही कल्पना. फ्रीडमन यांचा त्यात पुढाकार होता. राजाने अशा धाडसाला परवानगी देणे ही तेव्हा मोठी जोखीम होती. एक कैदी पळाला असता किंवा पुन्हा गुन्हा घडला असता, तर ब्रिटिश अधिकाऱ्यांना संस्थानावर बोट ठेवायला निमित्तच मिळाले असते.

याच संस्थानात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या वसाहतीवरून कथा लिहिली. व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये त्यावर 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट केला आणि तो बर्लिनच्या महोत्सवातही गाजला.

१९४२ नंतर संस्थानाची भूमिका काय राहिली?

'छोडो भारत' आंदोलनानंतर सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे एक महत्त्वाचे केंद्र होते कुंडल, आणि कुंडल हे औंध संस्थानातील गाव. संस्थानी हद्दीत ब्रिटिश पोलिसांना थेट कारवाई करणे अवघड जाई. भूमिगत कार्यकर्त्यांना याचा मोठा उपयोग झाला. राज्यकारभार लोकांच्या हाती असलेले संस्थान शेजारी असणे, ही प्रतिसरकारसाठी मोलाची गोष्ट होती.

त्यांच्यावर टीका होऊ शकते का?

नक्कीच. दुष्काळी मुलखातून येणाऱ्या महसुलातला किती पैसा चित्रे, ग्रंथ आणि मूर्तींवर खर्च व्हावा, हा प्रश्न तेव्हाही विचारता येत होता आणि आजही विचारता येतो. ते धार्मिक वृत्तीचे, जुन्या संस्कारांतले गृहस्थ होते. आपल्याला पटलेली गोष्ट प्रजेलाही पटलीच पाहिजे, असा पित्यासारखा आग्रह त्यांच्या कारभारात होता. शाळांतील सूर्यनमस्कार हे त्याचेच उदाहरण. गादीवर आल्यापासून सत्ता सोडण्यापर्यंत त्यांनी जवळपास तीन दशके घेतली, हेही खरे.

याच्या दुसऱ्या बाजूला एक गोष्ट ठेवावी लागते. राजेशाहीत खर्चाचा हिशेब विचारण्याचा अधिकार प्रजेला नसतो. तो अधिकार औंधच्या प्रजेला बाळासाहेबांनी स्वतःहून दिला. १९३९ नंतर संस्थानच्या तिजोरीवर राजाचा एकट्याचा हात राहिला नाही.

संस्थान विलीन झाल्यावर पुढे काय झाले?

स्वातंत्र्यानंतर ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याबरोबर गावपंचायतींची ती वेगळी घटनाही संपली. देशाने संसदीय लोकशाहीचा मार्ग स्वीकारला आणि औंधचा प्रयोग अभ्यासाचा विषय होऊन राहिला. पंडित सातवळेकर गुजरातमधील पारडीला गेले. अप्पा पंत परराष्ट्र सेवेत गेले आणि त्यांनी अनेक देशांत भारताचे प्रतिनिधित्व केले. घराण्याचे जुने 'प्रतिनिधी' हे नाव त्यांनी वेगळ्या अर्थाने सार्थ केले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले.

घटना गेली, गादी गेली. डोंगरावरील संग्रहालय राहिले. आज त्याची व्यवस्था राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभागाकडे आहे. अनेक राजघराण्यांचे संग्रह वारसांच्या वाटण्यांत आणि लिलावांत विखुरले. औंधचा संग्रह वेळीच वाड्याबाहेर येऊन सार्वजनिक झाला होता, त्यामुळे तो एकत्र पाहता येतो.

पनवेलहून औंधला कसे जाल?

• रस्त्याने : कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने पुणे, तिथून बंगळूरु महामार्गाने सातारा आणि पुढे रहिमतपूरमार्गे औंध. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. खंडाळा घाटात आणि पुण्याच्या बाह्यवळणावर कोंडी नसेल तर पाच ते सहा तास धरा.

• रेल्वेने : पुणे-मिरज मार्गावरील रहिमतपूर हे सोयीचे स्थानक. तिथून एसटी किंवा खासगी वाहनाने औंध गाठता येते.

• किती वेळ ठेवाल : यमाईचे दर्शन आणि संग्रहालय मिळून अर्धा दिवस तरी हवा. लहान मुले सोबत असतील तर आधी संग्रहालय, मग डोंगर असा क्रम ठेवा. दमलेली मुले चित्रे पाहत नाहीत.

• काय तपासाल : संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी, वेळ आणि छायाचित्रणाचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्या. पाच तासांचा प्रवास करून बंद दरवाजा पाहावा लागू नये.

• जोडून काय पाहाल : साताऱ्याजवळ किन्हई हे पंतप्रतिनिधी घराण्याचे मूळ गाव आहे. सांगलीकडे जाणार असाल तर किर्लोस्करवाडी आणि कुंडलही वाटेत घेता येईल. बाळासाहेबांनी दिलेली जागा, पैसा आणि अधिकार यातून काय उभे राहिले, ते या तीन ठिकाणी मिळून नीट कळते.